मातीचे किल्ले आणि त्यांची टेकाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समधल्या अनेक गावांत चर्चच्या मागे, नदीच्या वळणावर किंवा थेट वस्तीच्या मधोमध एक गवताळ, पालथ्या टोपलीसारखे टेकाड उभे असते. बहुतेक टेकाडांवर आज ना भिंत असते ना बुरूज, आणि हा एके काळचा किल्ला आहे हे कोणी सांगितल्याखेरीज लक्षातही येत नाही. सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या मराठी वाचकांना या टेकाडांसमोर उभे राहिल्यावर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मॉट आणि बेली म्हणजे नेमके काय?

मॉट म्हणजे माणसांनी माती, खडू (मऊ, पांढरा चुनखडक) किंवा खडी रचून उभारलेले, सपाट माथ्याचे टेकाड. त्याच्याभोवती खंदक खणत आणि खंदकातून निघालेली मातीच टेकाडाच्या भरावासाठी वापरत, त्यामुळे एकाच कष्टात खोलीही मिळे आणि उंचीही. माथ्यावर लाकडी मनोरा आणि त्याच्याभोवती मेढेकोट असे. टेकाडाच्या पायथ्याशी खंदक, मातीचा बांध आणि पुन्हा मेढेकोट यांनी वेढलेले जे आवार असे, ती बेली. तबेले, कोठारे, स्वयंपाकघर, प्रार्थनागृह, शिबंदीची घरे आणि सरदाराचा मोठा दिवाणखाना यांपैकी बहुतेक गोष्टी बेलीत असत. आपल्या दुर्गभाषेत सांगायचे तर मॉट हा बालेकिल्ला आणि बेली हा पडकोट. फरक एवढाच, की आपल्या बालेकिल्ल्याला डोंगर आयता मिळालेला असतो आणि येथे तो पाट्या वाहून तयार करावा लागला.

ही रचना सगळीकडे एकसारखी नव्हती. विंडसरला मॉटच्या दोन्ही अंगांना एकेक बेली आहे, तर लिंकन आणि लुईस येथे एकाच किल्ल्यात दोन टेकाडे आहेत. काही ठिकाणी टेकाड न रचता नुसता गोलाकार बांध आणि खंदक यांवरच भागवलेले दिसते. भाषेतली एक गंमतही सांगण्याजोगी आहे. खंदकाला इंग्रजीत आज जो ‘मोट’ शब्द वापरतात, तो याच ‘मॉट’पासून आला आहे. म्हणजे उंचवट्याचे नाव शेवटी खड्ड्याला मिळाले.

हे किल्ले कोणी आणि केव्हा बांधले?

अशा किल्ल्यांची पद्धत दहाव्या-अकराव्या शतकांत उत्तर फ्रान्स आणि आसपासच्या प्रदेशात रूढ झाली. इंग्लंडमध्ये 1066 पूर्वी अशी बांधकामे अगदी मोजकी होती. एडवर्ड राजाच्या आश्रयाने आलेल्या काही नॉर्मन सरदारांनी 1050 च्या दशकात हेरफर्डशरमध्ये ती केली होती. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम 1066 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्यानंतर चित्र पालटले. बायो येथे जतन केलेल्या, सुमारे 70 मीटर लांबीच्या भरतकामाच्या प्रसिद्ध पटावर हेस्टिंग्ज येथे फावडी घेतलेले मजूर टेकाड रचत असल्याचे दृश्य आहे. त्याच पटावर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या दिनान येथील मेढेकोटाला पलित्यांनी आग लावणारे सैनिक आणि भाल्याच्या टोकावरून किल्ल्याच्या किल्ल्या हवाली करणारा पराभूत ड्यूक कोनान हेही दिसतात.

पुढील काही वर्षांत केंब्रिज, लिंकन, यॉर्क अशा शहरांच्या डोक्यावर ही टेकाडे बसवली गेली. विल्यमने करवून घेतलेल्या देशव्यापी पाहणीच्या, 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत लिंकनमधली 166 घरे किल्ल्यासाठी नष्ट झाल्याची नोंद आहे. आजच्या हिरव्यागार, सहलीच्या टेकाडाकडे पाहताना हा आकडा ध्यानात ठेवावा असे आम्हाला वाटते, कारण ही बांधकामे जिंकलेल्या लोकांना सतत डोळ्यांसमोर दिसावीत यासाठीच होती. बाराव्या शतकात स्टीफन राजाच्या काळातील यादवीत अशा किल्ल्यांची पुन्हा भर पडली. 1169 नंतर अँग्लो-नॉर्मन सरदारांनी हीच पद्धत आयर्लंडमध्ये नेली. तिथल्या लोकांनी तिचा अर्थ बरोबर ओळखला होता. बलाढ्य सरदार ह्यू द लेसी 1186 मध्ये डरो येथे नव्या किल्ल्याचे काम पाहत असताना कुऱ्हाडीच्या घावाने मारला गेला.

टेकाड बांधायला किती दिवस लागत?

हे आकारावर, मातीवर आणि किती माणसे वेठीला धरली यावर अवलंबून होते. 1069 मध्ये विल्यमने यॉर्कमध्ये आठ दिवस मुक्काम करून दुसरा किल्ला उभारल्याचे इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस सांगतो. एवढ्या अवधीत भक्कम, पूर्ण टेकाड उभे राहिले असे मानण्यापेक्षा खंदक, बांध आणि लढता येईल इतपत उंचवटा तयार झाला असे समजणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

काम नुसते माती ओतण्याचे मात्र नव्हते. अनेक टेकाडांत चिकणमाती, खडी, खडू यांचे थर आलटून-पालटून दाबलेले आढळतात, आणि हेस्टिंग्जच्या त्या चित्रातही टेकाडावर आडवे पट्टे दाखवले आहेत. काही ठिकाणी तर मनोरा आधी उभा राहिला आणि टेकाड नंतर. हर्टफर्डशरमधल्या साउथ मिम्स येथील उत्खननात जमिनीवर उभारलेल्या लाकडी मनोऱ्याभोवती माती रचत नेल्याचे दिसून आले. सरे परगण्यातल्या ॲबिंजर येथे 1949 मध्ये ब्रायन होप-टेलर यांना माथ्यावर लाकडी मनोऱ्याच्या आणि मेढेकोटाच्या खांबांचे खड्डे मिळाले. तोपर्यंत अशा मनोऱ्यांबद्दल जे बोलले जाई, त्यातले बरेचसे चित्रांवरून बांधलेले अंदाज होते.

दगड उपलब्ध असताना लाकूड आणि माती का वापरली?

घाई हे पहिले कारण. परक्या मुलखात पहिल्या हिवाळ्याआधी डोक्यावर छप्पर आणि भोवती तट हवा असेल, तर खाणीतून दगड काढत बसता येत नाही. दुसरे कारण मातीच्या स्वभावात आहे. नव्याने रचलेला भराव बसायला अनेक वर्षे लागतात आणि तोवर त्याला दगडी बुरुजाचे ओझे पेलवत नाही. स्कॉटलंडमधल्या डफस येथे मातीच्या टेकाडावर दगडी बालेकिल्ला चढवला गेला. त्याचा एक मोठा भाग तडकून उतारावरून घसरला आणि तो आजही तसाच तिरका उभा आहे. यॉर्कच्या क्लिफर्ड्‌स टॉवर या टेकाडावरच्या दगडी बुरुजालाही चौदाव्या शतकात वरपासून खालपर्यंत भेगा पडल्या.

म्हणून जिथे दगड आला, तिथे बहुधा माथ्याच्या कडेने पोकळ कड्यासारखी भिंत बांधून वजन पसरवले गेले. डेव्हनमधल्या टॉटनेस येथे ती उत्तम अवस्थेत पाहायला मिळते. लाकडाची उणीव अर्थातच आग ही होती. यॉर्कमधल्या टेकाडावरचा लाकडी मनोरा 1190 च्या मार्च महिन्यात जळाला. शहरातल्या सुमारे 150 ज्यूंनी जमावापासून जीव वाचवण्यासाठी त्यात आश्रय घेतला होता. त्यांतील बहुतेकांनी स्वतःच मरण पत्करले आणि जे बाहेर आले ते मारले गेले. यॉर्कच्या टेकाडाचे जतन करताना ही स्मृतीही जपावी लागते.

वर काहीच उरलेले नसेल, तर जतन नेमके कशाचे करायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, टेकाडाच्या आत आणि खाली जे आहे त्याचे.

दगडी किल्ल्याची भिंत पडली तरी दगड उरतात. लाकडी किल्ल्याचे तसे नसते. खांब कुजतो आणि त्याच्या जागी उरतो तो मातीच्या रंगातला किंचित फरक, एक गडद वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजेच किल्ला. फावड्याच्या एका घावात किंवा सशाच्या एका बिळात ते कायमचे नाहीसे होऊ शकते. वेल्सच्या सीमेवर माँटगोमरीजवळ हेन डोमेन नावाचे टेकाड आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘जुने टेकाड’ असाच होतो. रॉजर द माँटगोमरी याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या किल्ल्यावर फिलिप बार्कर यांनी 1960 मध्ये काम सुरू केले आणि पुढे रॉबर्ट हायम यांच्यासह ते सुमारे तीन दशके चालले. एवढ्या वर्षांत बेलीचाही केवळ काही भागच उलगडला, कारण थरामागून थर हाताने, थोडेथोडे खरवडून पाहिले जात होते. पण त्या चिकाटीतून जे समोर आले त्याने जुनी समजूत मोडली. ओसाड आवारात दोन-चार झोपड्या असे बेलीचे जे चित्र मनात होते, त्याऐवजी इमारतींनी दाटलेली, पुन्हा पुन्हा पाडून बांधलेली आणि कित्येक पिढ्या नांदलेली लाकडी वसाहत दिसली. आणि त्याही खाली, किल्ल्याच्या आधीचे नांगरलेले शेत तासांसकट शाबूत होते, कारण किल्ल्याच्या भरावाने ते झाकून ठेवले होते.

हे शेवटचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. टेकाड हे खालच्या जमिनीवर ठेवलेले झाकण असते. ज्या दिवशी माती पडली, त्या दिवसापर्यंतची जमीन, तिच्यातले परागकण आणि बिया त्याखाली बंदिस्त होतात. उत्खननाने हे ज्ञान मिळते खरे, परंतु उत्खनन म्हणजे तो पुरावा वाचता वाचता संपवणेही असते. त्यामुळे आजचा कल शक्यतो न खणण्याकडे, आणि खणावे लागलेच तर थोडेसेच खणून बाकीचे पुढील पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी राखून ठेवण्याकडे आहे.

सगळी टेकाडे नॉर्मन काळातली आहेत, हे नक्की का?

नाही, आणि याबाबत तज्ज्ञांचेही अंदाज दोन्ही दिशांनी चुकले आहेत. एकोणिसाव्या शतकात जी. टी. क्लार्क यांच्यासारखे अभ्यासक ही टेकाडे नॉर्मनांच्या आधीच्या सॅक्सन लोकांची मानत. एला आर्मिटेज यांनी कागदपत्रे आणि प्रत्यक्ष स्थळे यांचा मेळ घालून ती नॉर्मन आहेत असे दाखवले आणि 1912 मध्ये आपला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठातले पद नसलेल्या एका स्त्रीने प्रस्थापित मत उलथवावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पुढे मात्र टेकाड दिसले की नॉर्मन म्हणायची सवयच जडली. विल्टशरमधले मार्लबरोचे टेकाड असेच नॉर्मन मानले जाई. 2010 मध्ये त्यातून बारीक नळीने काढलेल्या मातीच्या नमुन्यांतील कोळशाचे वय तपासले तेव्हा ते इसवी सनापूर्वी सुमारे 2400 मधले, म्हणजे जवळच्या सिल्बरी हिल या प्रागैतिहासिक टेकाडाच्या काळातले निघाले. नॉर्मनांनी ते तयार मिळाले म्हणून वापरले, एवढेच. त्यानंतर याच पद्धतीने इतर टेकाडे तपासण्यात आली आणि यॉर्कशरमधल्या स्किप्सी येथील किल्ल्याचे टेकाड लोहयुगातले असल्याचे आढळले. कँटरबरीतल्या डेन जॉन टेकाडाची कथाही काहीशी अशीच आहे. रोमन काळातल्या दफनाच्या ढिगाऱ्यावर नॉर्मनांनी आपला मॉट चढवला, आणि ‘डेन जॉन’ हे नाव कोणा जॉनचे नसून बालेकिल्ल्यासाठीच्या ‘डॉन्जॉन’ या फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश आहे. ज्या वस्तूचे वय साडेतीन हजार वर्षांनी चुकू शकते, ती वस्तू सांभाळून ठेवण्यासाठी निराळे कारण द्यावे लागू नये.

यांना कायद्याचे संरक्षण कधीपासून आहे?

कायद्याने एखाद्या किल्ल्याला वाचवण्याचे फार जुने उदाहरण हर्टफर्डशरमधल्या बर्कमस्टेडचे आहे. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेला परवानगी देणाऱ्या 1833 च्या कायद्यात या किल्ल्याला संरक्षण देण्यात आले. तरीही रुळांसाठी त्याच्या बाहेरच्या भागाची मोडतोड झालीच. सर्वसाधारण कायदा आला तो 1882 मध्ये, जॉन लबक यांच्या प्रयत्नांतून, पण त्याची पहिली यादी मुख्यत्वे प्रागैतिहासिक स्थळांची होती आणि मालकाच्या संमतीवाचून सरकारला फारसे काही करता येत नसे.

यापुढचा दुवा भारतातून जातो. व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झन यांनी 1904 मध्ये भारतात प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा आणला. मायदेशी परतल्यावर 1911 मध्ये त्यांनी लिंकनशरमधला टॅटरशॉल किल्ला विकत घेऊन वाचवला, आणि तिथले प्रकरण 1913 च्या अधिक कडक ब्रिटिश कायद्याला कारणीभूत ठरलेल्या घटनांपैकी एक होते. कर्झन यांची बंगालची फाळणी आपण विसरत नाही आणि विसरूही नये. तरीसुद्धा स्मारकांच्या बाबतीत साम्राज्याच्या वसाहतीत मायदेशाच्या आधी कठोर कायदा झाला, ही नोंद करण्याजोगी बाब आहे.

सध्या इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 1979 चा कायदा मूळ आधार आहे, तर वेल्समध्ये त्याची जागा 2024 पासून 2023 च्या स्वतंत्र कायद्याने घेतली आहे. इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड, वेल्समध्ये कॅडू आणि स्कॉटलंडमध्ये हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या संस्था या कायद्यांचे काम पाहतात. एखादे टेकाड अनुसूचित झाले, म्हणजे संरक्षित स्मारकांच्या यादीत आले, म्हणून त्याची मालकी बदलत नाही. ते शेतकऱ्याचे, शाळेचे किंवा नगरपरिषदेचेच राहते, परंतु तिथे खणणे, भराव घालणे, बांधकाम करणे अशा कामांसाठी आधी लेखी संमती घ्यावी लागते.

मग आता धोका कशाचा आहे?

बुलडोझरचा कमी, आणि रोजच्या लहानसहान गोष्टींचा जास्त. मऊ, कोरड्या उताराला सशांची पसंती असते आणि मातीचे टेकाड त्यांना बिळांसाठी आयतेच मिळते. बिजूची (इंग्रजीत ‘बॅजर’ची) बिळे त्याहून खोल जातात, आणि त्यातली अडचण अशी की 1992 च्या कायद्याने बिजू आणि त्याचे बीळ या दोहोंना स्वतंत्र संरक्षण आहे. म्हणजे एका कायद्याने राखलेल्या स्मारकात दुसऱ्या कायद्याने राखलेला प्राणी खणत असतो आणि दोघांनाही हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. पावसाळी दिवसांत गुरे उतारावर चढली की खुरांनी गवताचा थर फाटतो. माणसे पायऱ्या टाळून सरळ वर चढतात आणि त्या वाटेची दर हिवाळ्यात घळ होत जाते. बेलीच्या शेतात नांगर चालतो. तो बऱ्याचदा बेकायदा नसतो, कारण पूर्वीपासून चालत आलेली नांगरट आहे त्याच खोलीपर्यंत सुरू ठेवण्याची कायद्यात सूट आहे. आमच्या मते या सूटीची किंमत बांध आणि खंदक यांनी फार मोजली आहे.

झाडे लावणे चांगले, मग टेकाडांवरची झाडे का तोडतात?

कारण मुळे थरांमध्ये शिरतात आणि वादळात मोठे झाड उन्मळले की मुळांबरोबर काही घनमीटर इतिहासही वर येतो. म्हणून नवी रोपे वाढू न देणे, धोकादायक झाडे क्रमाने कमी करणे आणि तोडल्यावर खोड तसेच ठेवून मुळे उपसून न काढणे अशी पद्धत आहे. उघड्या झालेल्या उतारावर लगेच गवत धरावे लागते. दाट, आखूड गवत हे मातीच्या किल्ल्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ चिलखत आहे. ते राखायला यंत्रांपेक्षा मेंढ्या बऱ्या, कारण त्या हलक्या असतात. मात्र प्रत्येक वृक्ष हटवावा असेही नाही. कँटरबरीसारख्या ठिकाणी अठराव्या शतकाच्या अखेरीस टेकाडाभोवती केलेली बाग आता स्वतःच वारसा झालेली आहे.

जुना लाकडी मनोरा पुन्हा का बांधत नाहीत?

माथ्यावर नवे खांब रोवायचे तर नेमके त्याच जागी खणावे लागते जिथे जुन्या खांबांचा पुरावा आहे. प्रतिकृती बांधायची असेल तर ती दुसऱ्या जागेवर बांधावी, हे बरे. यॉर्कमध्ये क्लिफर्ड्‌स टॉवरच्या टेकाडाच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र बांधण्याची योजना होती. नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर 2018 मध्ये ती सोडून देण्यात आली. त्याऐवजी बुरुजाच्या आत, वजन पसरवणाऱ्या पायावर चार खांबांचा लाकडी सांगाडा उभारण्यात आला आणि 2022 मध्ये तो खुला झाला. टेकाडात खोल न शिरता लोकांना वर नेण्याचा हा मार्ग आम्हाला पटतो.

आपल्याकडच्या गढ्यांशी यांची तुलना करता येईल का?

ऐतिहासिक संबंध काहीच नाही. देशमुख-पाटलांची गढी हा मातीच्या जाड तटांचा, बुरुजांचा राहता वाडा असतो. शंकूसारखे टेकाड रचून त्यावर मनोरा चढवणे हा तिचा हेतू नव्हता. जतनाच्या अडचणी मात्र ओळखीच्या वाटतील. गढी ओस पडली, छप्पर गेले की पाऊस तट विरघळवतो. पुढे उरलेल्या टेकाडातली पांढरी माती धाब्यावर पसरायला किंवा शेतात टाकायला गाड्या भरून जाते. माती फुकट असते आणि ती नेणाऱ्याला आपण काही मोडतो आहोत असे वाटत नाही. इंग्लंडमध्येही अनेक बांध आणि टेकाडे अशीच भरावासाठी उचलली गेली.

भेट देताना काय पाळावे?

आखलेल्या पायऱ्यांनीच चढावे, ओल्या उतारावर सायकल नेऊ नये आणि कुंपणाचे फाटक लावून घ्यावे. अनुसूचित स्मारकावर संमतीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे, तुम्ही काही उचलले नाही तरीही. अनेक टेकाडे खासगी शेतात आहेत, तेव्हा सार्वजनिक पायवाट नसेल तर मालकाला विचारावे.

सुरुवात कुठून करावी?

लंडनहून जाणाऱ्यांना बर्कमस्टेड सोयीचे आहे, कारण किल्ला स्टेशनला अगदी लागून आहे आणि खंदक, बेली, मॉट हे तिन्ही एका फेरीत समजतात. नॉरफकमधले थेटफर्डचे टेकाड देशातल्या सर्वांत उंच मॉट्सपैकी एक आहे आणि त्याच्या लांबलचक पायऱ्या चढताना, हे सगळे हातांनी रचलेले आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते. कार्डिफमध्ये रोमन किल्ल्याच्या चौकोनात बसवलेला मॉट आणि त्यावरचे दगडी कडे पाहता येते. केंब्रिजचे टेकाड पाच मिनिटांत चढून होते. वेळ असेल त्यांनी नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फॉदरिंगे येथे जावे. 1452 मध्ये तिसरा रिचर्ड येथे जन्मला आणि 1587 मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा येथे शिरच्छेद झाला. नेन नदीच्या काठी आज एक टेकाड, बेलीचे बांध आणि कठड्यात ठेवलेला दगडी बांधकामाचा एक तुकडा एवढेच आहे, आणि आसपास मेंढ्या चरत असतात.